विषय : घरी बसलेल्या प्रॉडक्शन मॅनेजरबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न, शिक्षण आठवीपर्यंत (आठवी वगळून), व्यवसाय अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण बेंगळूरुतील येलहंका येथील एका कचेरीबाहेरचे करंजाचे झाड. ज्यांच्याविषयी अर्ज : माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वय एकसष्ट, व्यवसाय चित्रपटांचे प्रॉडक्शन मॅनेजर, सध्या घरी. घटनेचे ठिकाण : येलहंक्यापलीकडच्या एका तळ्याचा पूर्वेकडील काठ. घटनेचा दिवस : गेल्या मार्गशीर्षातला एक मंगळवार, वेळ सकाळी नऊ वाजून काही मिनिटे. साक्षीदार : (एक) तळ्याचा रखवालदार; (दोन) सुमारे साठ माणसांचे युनिट, ज्यातील एकही जण आता साक्षीला पुढे येणार नाही; (तीन) मी. अर्जदार आणि साक्षीदार एकच असू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. परंतु या प्रकरणात मी आणखीही एक भूमिका बजावली असून तिचा खुलासा योग्य ठिकाणी करीन.

सर्वप्रथम नमूद करतो की, माझ्या साडूंसारखा व्यवस्था लावणारा मनुष्य या भूतलावर दुसरा झालेला नाही. ब्रह्मदेवाला सृष्टी निर्माण करतेवेळी असा मनुष्य हाताशी मिळाला असता, तर समुद्र वेळेवर भरले असते, डोंगर वाहतुकीच्या आड आले नसते आणि पहिल्या मनुष्याला डोळे उघडताच गरम इडली मिळाली असती. असा मनुष्य गेले अकरा महिने घरी बसून आहे. त्यांना कोणी बोलावत नाही. त्यांना एका तरी चित्रपटावर पुन्हा बोलावले जावे, एवढ्यासाठीच हा अर्ज असून खालील मजकूर पुराव्यादाखल जोडला आहे.

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी निपाणीकडचा; लग्नानंतर बेंगळूरुत येऊन सहा वर्षे झाली तरी मलाही ते कळलेले नव्हते. शेवटी एका सणाच्या पंगतीत मी विचारले, "अण्णा, सिनेमात तुम्ही नेमके करता काय?" साडू म्हणाले, "समजा, गोष्टीत लिहिलंय : पहाट. शेत. एक म्हातारा बैल घेऊन चाललाय. लिहिणाऱ्याचं काम संपलं. आता म्हातारा कुठनं आणायचा? त्याला उठवायचं कोणी? बैलाला पटेल असाच म्हातारा पाहिजे. शेतमालकाची बायको नको म्हणाली तर तिची समजूत कोण घालणार? आणि साठ माणसं शेतावर जाणार, ती सकाळी लोटा घेऊन जाणार कुठं? ते सगळं मी." मी विचारले, "आणि पहाट?" त्यावर साडूंनी कोशिंबीर पुढे सरकवली आणि म्हणाले, "पहाट तेवढी देव आणतो. पण तो वेळेवर आणतो की नाही, ते बघायला मला चारला उठावं लागतं की ओ." पडद्यावर जे दिसते ते दिग्दर्शकाचे; पण ते तिथे मुळात असते, हे काम माझ्या साडूंचे. मी ही व्याख्या एका वकिलांना ऐकवली तेव्हा त्यांनी ती लिहून घेतली होती.

साडूंच्या तोंडी 'नाही' हा शब्द नाही. त्यांचे घराणे या मुलखात इतक्या पिढ्यांपूर्वी आले की त्यांच्या मराठीला कन्नडची फोडणी आतपर्यंत मुरलेली आहे. दिग्दर्शकाने काहीही मागितले की ते "आगुत्ते" म्हणतात, म्हणजे होईल. एका दिग्दर्शकाने कॉम्प्युटर कंपन्यांच्या गर्दीने तुंबणाऱ्या व्हाइटफील्डचा रस्ता सकाळी नऊ वाजता पूर्ण रिकामा मागितला. त्या रिकाम्या रस्त्यावर कचेरीला निघालेली तीस माणसे फक्त चालत जातील, असे त्याच्या मनात होते. जो व्हाइटफील्डला एकदा तरी गेला आहे तो ही मागणी ऐकून उठून गेला असता. साडू म्हणाले, "आगुत्ते सर." त्यांनी एका रविवारी सकाळी सव्वासहाला युनिट नेले, मोठे दिवे लावून नऊचे ऊन पाडले आणि तीस माणसांच्या गळ्यात कंपनीची कार्डे अडकवून त्यांना चालायला लावले. देखावा इतका खरा उतरला की दुधाच्या पिशव्या घेऊन परतणारा एक खरा नोकरदार जागीच थबकला, आपला वार चुकला असे समजून धावत घरी गेला आणि कार्ड घालून त्यांच्यात येऊन चालू लागला. साडूंनी त्याला नाश्ता दिल्याशिवाय जाऊ दिले नाही.

नाश्ता हा त्यांच्या धर्माचा गाभा आहे. जगातले प्रत्येक भांडण, ते चुलत भावांचे असो वा दोन राष्ट्रांचे, उशिरा आलेल्या नाश्त्यातून उद्भवते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. आमच्या झाडाखाली भाऊबंदकीचे दावे लिहून घ्यायला माणसे येतात, साडू तिथे बसलेले असले की आधी विचारतात, "खाऊन आलात?" दोन प्रकरणे अशी मिटल्याचे मी स्वतः पाहिले आहे आणि माझे लेखन वाया गेल्याचे दुःखही सोसले आहे. स्वतः मात्र ते युनिटमधला शेवटचा मनुष्य, म्हणजे जनरेटरजवळ बसणारा, जेवल्याखेरीज ताटाला हात लावत नाहीत. सेटवर पंचपक्वान्ने का असेनात, तीस वर्षांत साडूंच्या वाट्याला भाताचा तळ आणि सांबारातला कढीपत्ता एवढेच आलेले आहे. अक्का, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, म्हणतात, "ह्यांना घरी गरम वाढलं की हे दचकतात."

इतर माणसे घर पाहतात तेव्हा रंग पाहतात. साडू जनरेटरची गाडी कुठे उभी राहील ते पाहतात. हेब्बाळला आमच्या परिचयातले एक गृहस्थ वारले, तेव्हा आम्ही भेटीला गेलो. सगळे खाली माना घालून बसलेले. अशा वेळी माझ्या साडूंनी एकदाच, अगदी हळू, टाळी वाजवली. मृताच्या मुलाने डोळे वर केले. साडू शांतपणे म्हणाले, "तुमच्या वडलांनी घर फार जीव लावून बांधलंय. आवाज जरासुद्धा घुमत नाही." मी उठून दाराकडे सरकलो होतो, परंतु तीन दिवस एक शब्द न बोललेल्या त्या मुलाच्या आईच तोंड उघडून म्हणाल्या, "छत घालताना ते हेच म्हणायचे. आवाज घुमला की एकटं वाटतं." आणि त्या रडल्या, आणि मग तासभर यजमानांविषयी बोलत राहिल्या. परत येताना मी साडूंना या वर्तनाबद्दल दोन शब्द सुनावणार होतो. ते कारच्या खिडकीतून मागे वळून पाहत पुटपुटत होते, "क्रेन मात्र आत जाणार नाही."

माझ्या मुलीच्या लग्नाची व्यवस्था त्यांनी मागून घेतली. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात छापील पत्रक पडले. त्याला त्यांच्या धंद्यात कॉल शीट म्हणतात; कोणी, किती वाजता, काय घेऊन हजर राहायचे ते त्यात असते. "वधू : पहाटे पाच. वर : साडेपाच, दाढी करून. वधूपिता : पावणेपाच, भाषण करणार नाही. भटजी : सव्वापाच, स्वतःचे साहित्य. भटजी दोन (स्टँडबाय) : सव्वापाच, खोलीत बसून राहणे." प्रत्येक गोष्टीला पर्यायी गोष्ट तयार ठेवायची, ही त्यांची रीत. पहिले भटजी वेळेवर आले, खणखणीत म्हणाले. दुसरे भटजी मंगलाष्टके संपेपर्यंत खोलीत सोवळे नेसून रुसून बसले होते आणि मधूनमधून दार किलकिले करून पहिल्यांचे काही चुकते का, ते ऐकत होते. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारले, "नवरासुद्धा दुसरा ठेवलाय की काय?" मी ते हसण्यावारी नेले, तरी साडूंना विचारण्याचे धाडस मला आजतागायत झालेले नाही.

आता माझा आणि त्यांच्या धंद्याचा संबंध. चित्रीकरण म्हटले की परवानगी आली. परवानगी म्हटली की अर्ज आला. आणि या भागात अर्ज म्हटला की, आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो, मी आलो. रस्ता अर्धा तास अडवण्यासाठी, देवळाच्या पायऱ्यांवर नाचण्यासाठी, अगदी स्मशानात पाळणा बांधण्यासाठीसुद्धा मी त्यांना अर्ज लिहून दिलेले आहेत आणि एकही नामंजूर झालेला नाही. साडू माझ्या टेबलासमोर बसून म्हणायचे, "रायटरसाहेब, स्वल्प लोणी लावा." मी म्हणायचो, "अण्णा, लोणी नव्हे, विनय." ते म्हणायचे, "तेच ते. दोन डबे लावा." ही आमची मैत्री.

घटनेकडे वळण्यापूर्वी एका रूढीची नोंद आवश्यक आहे. इकडच्या चित्रपटात शेवटच्या दिवशी, शेवटचा शॉट झाला की कॅमेऱ्यासमोर कापूर लावून कोहळा फोडतात. त्याला 'कुंबळकाई' म्हणतात. कुंबळकाई झाली म्हणजे चित्र संपले. पुढे काही तुकडा राहिल्याचे लक्षात आले तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मुहूर्तावर, दुसरा नारळ फोडून घेतात. परंतु फुटलेल्या कोहळ्यासमोर त्याच जागी कॅमेरा पुन्हा सुरू करण्याची छाती या मुलखात कोणाची नाही. हा कोहळा बाजारातून निवडून आणण्यापासून फोडण्यापर्यंतचे काम प्रॉडक्शन मॅनेजरचे असते. दिग्दर्शक चित्र सुरू करतो, असे साडू म्हणत. संपवतो तो कोहळा.

त्या मंगळवारी चित्रीकरणाचा शेवटचा दिवस होता. दिग्दर्शक तरुण, शिकलेला, कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला. स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला डोळ्यांपुढच्या चौकटीबाहेरचे काही दिसत नसे. प्रसंग असा : एक म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून उगवत्या सूर्याला अर्घ्य देते, तळ्यावर धुके आहे. सूर्य वर चढलाच तर उगवतीचे ऊन मोठ्या दिव्याने आणि धुके यंत्राने पाडायची सोय साडूंनी ठेवली होती. म्हातारीच्या कामाला साडूंनी एक बाई आणल्या होत्या; सत्तरीला आलेल्या, आयुष्यभर पडद्यावरच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या. पहिल्यांदाच त्या चौकटीत एकट्या उभ्या राहणार होत्या. परवानगी सहा ते नऊ. मात्र आदल्या दिवशी साडूंनी माझ्याकडून मुदतवाढीचा अर्जही लिहून घेतला होता. त्यांची ती स्टँडबायची रीत. तो अर्ज मी संध्याकाळी मंजूर करवून घेतला, अकरा वाजेपर्यंत. अशी मुदतवाढ त्या तळ्यावर त्यापूर्वी कोणालाही मिळालेली नव्हती. तो कागद साडूंच्या हाती सोपवावा आणि जमल्यास चित्रीकरण पाहावे, म्हणून मी साडेआठला स्वतः तिथे गेलो.

गेलो तेव्हा अकरावा टेक चालला होता. मार्गशीर्षातले पाणी. बाईंचे ओठ निळे पडलेले मला काठावरून दिसत होते. प्रत्येक टेक झाला की दिग्दर्शक बोट वर करून "इन्नोंदु!" म्हणे, म्हणजे आणखी एक, आणि बाई मान डोलावून पुन्हा पदर सावरत. नको म्हणणाऱ्या बाईला पुढच्या वेळी बोलावत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. साडू दोनदा दिग्दर्शकाजवळ जाऊन "सर, साकु, पुरे आता," असे म्हणाल्याचे मी ऐकले. दोन्ही वेळा दिग्दर्शकाने नजर न हलवता त्यांच्या खांद्यावर थोपटले.

मला पाहताच साडू झपझप आले. मी खिशाकडे हात नेला. त्यांनी तो धरला. "रायटरसाहेब, कागद आतच ठेवा."

"अण्णा, अकरापर्यंत मंजूर आहे. सहीशिक्क्यासह."

"म्हणूनच आत ठेवा. नऊ वाजले की रखवालदार येऊन हाकलेल. मला काही बोलावं लागणार नाही. म्हातारी बाहेर येईल."

मी विचारले, "मंजूर झालेला कागद लपवायचा?"

"आजच्या दिवस लपवा की ओ," ते म्हणाले आणि शाल, कोरडी साडी, चहाची किटली काठावर आणायला गेले.

मी कागद आत ठेवला. इथवर माझ्याकडून कोणताही प्रमाद घडलेला नाही. नऊ वाजता रखवालदार काठी आपटत आला. "वेळ संपली. सामान उचला." दिग्दर्शक गयावया करू लागला, एक तास द्या, अर्धा द्या. रखवालदार हसला आणि म्हणाला, "इथं मुदतवाढ? तसा अर्ज लिहिणारा अजून जन्माला यायचाय."

न्यायबुद्धीने वाचणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावे. तीस वर्षे झाडाखाली बसून ज्याने आपले नाव एका गोष्टीवर उभे केले, त्याच्या तोंडावर साठ माणसांसमोर हे बोलले गेले. माझा हात खिशात कधी गेला, ते मला सांगता येणार नाही. मी पुढे झालो. मी तो कागद उलगडला आणि 'सविनय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत खड्या आवाजात वाचला. रखवालदार दोन पावले मागे सरला. दिग्दर्शकाने मला मिठी मारली. टाळ्यासुद्धा झाल्या. मग तो तळ्याकडे वळून, दोन तास मिळाल्याच्या आनंदात ओरडला, "इन्नोंदु!" आणि किटलीजवळ पोचलेल्या, शालीला हात लावलेल्या त्या बाई शाल खाली ठेवून पुन्हा पाण्याकडे निघाल्या.

साडूंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी या अर्जाच्या फंदात पडलो नसतो. ऐन शॉटमध्ये एखादा दिवा गेला की ते ज्या नजरेने त्या दिव्याकडे पाहतात, तसे त्यांनी पाहिले : आता याला बोलून उपयोग नाही, दुसरे काय करता येईल. ते गाडीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत कोहळा होता. कॅमेऱ्यासमोर जाऊन त्यांनी घाईने कापूर लावला, कोहळा एकदा ओवाळला आणि दगडावर आपटला.

दिवे धरणाऱ्यांनी सवयीने पायातले काढून हात जोडले. कॅमेरामनने भिंगावर टोपण बसवले. दिग्दर्शक किंचाळला, "कोणी सांगितलं तुम्हाला? शॉट बाकी आहे! ही असली अंधश्रद्धा मी मानत नाही!" साडू म्हणाले, "मानू नका सर. कॅमेरा सुरू करा." दिग्दर्शकाने कोहळ्याकडे पाहिले, कॅमेऱ्याकडे पाहिले, पुन्हा कोहळ्याकडे पाहिले, आणि तोच म्हणाला, "पॅक अप." बाई काठावर आल्या. साडूंनी त्यांच्या हातात पेला दिला. दात वाजत होते म्हणून त्यांना नीट बोलता येईना, त्या एवढेच म्हणाल्या, "मॅनेजरअप्पा, माझं काम चुकलं का?" साडू म्हणाले, "नाही अम्मा. तुमचं काम मघाशीच झालं. आमचंच आवरत नव्हतं."

सबब वर ज्या भूमिकेचा खुलासा करण्याचे कबूल केले होते, ती ही. कागद मी खिशात ठेवला असता तर नऊ वाजता सर्व नियमानुसार संपले असते, आणि कोहळाही आपल्या वेळी, सुखाने फुटला असता.

पुढे काय झाले ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. 'चित्र पुरे होण्याआधी कोहळा फोडणारा मनुष्य' ही ख्याती आठवडाभरात सगळीकडे पोचली. चित्रपटवाले एक वेळ आग सोसतील, अपशकुन सोसणार नाहीत. दिग्दर्शकाने तर साधी चौकशीही केली नाही. आणि साडूंनीही कोणाला कारण सांगितले नाही. त्या बाईंचे नाव निघाले असते तर त्यांना पुढे कोणी उभे केले नसते. माझे नाव निघाले असते तर अक्का आणि माझी पत्नी यांच्यात काय झाले असते, ते न लिहिलेलेच बरे. कोणी विचारले की ते म्हणत, "वेळेचा माझा अंदाज चुकला." तीस वर्षांत ज्याचे घड्याळ मिनिटभर पुढेमागे झाले नाही, त्या मनुष्याने हे म्हणावे!

ते चित्र यथावकाश लागले. साडूंना मी नेले. त्यांच्याबरोबर चित्रपट पाहणे ही तशी शिक्षाच असते. नायिका रडत असते तेव्हा ते कानाशी लागून सांगतात की मागची म्हैस कोणाच्या गोठ्यातली आहे. अर्घ्याचा प्रसंग आला. धुके, सूर्य, त्या बाईंची ओंजळ. मी न्यायासनासमोर शपथेवर सांगतो की त्या दृश्यात काहीही उणे नव्हते. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने डोळे पुसले. मी साडूंकडे पाहिले. ते पडद्याच्या तळाशी, पाण्याकडे टक लावून बसले होते. "दिसत नाही ना?" त्यांनी विचारले. "काय?" "फळी. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून तिच्या पायाखाली फळी टाकली होती मी. दिसली असती तर खुपत राहिलं असतं कुठंतरी मनात."

आता घरी काय चालते ते सांगतो. साडू अजूनही चारला उठतात. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन मांडीवर ठेवून दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. सातनंतर कोणी बोलावत नाही; सात वाजले की उठतात, शर्ट काढून घडी घालतात आणि मग घराचे काम हाती घेतात. अक्कांच्या स्वयंपाकघराच्या दारावर कॉल शीट चिकटलेली असते : "कुकर : अकरा वाजून दहा. कुकर दोन (स्टँडबाय)." भाजीवालीला त्यांनी वेळ ठरवून दिली, ती आता दुसऱ्या गल्लीने जाते.

गेल्या पंधरवड्यात अक्का माझ्या झाडाखाली आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच तिथे आल्या. अशिलाच्या बाकावर टेकल्या आणि पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "तीस वर्षं मी त्या सिनेमाला शिव्या दिल्या. हे घरी बसावेत म्हणून नवस बोलले. आठवतंय ना तुम्हाला? तुम्हीच म्हणाला होता, अक्का, नवसाचा मसुदा मी लिहून देतो."

मी म्हणालो, "आठवतंय."

"मग आता उलटा लिहा."

"देवाला?"

"देवाला कशाला? तो काय पिक्चर काढतो? जो काढतो त्याला लिहा." मग गल्लीकडे पाहत म्हणाल्या, "काल आठ वाजले तरी शर्ट काढला नाही हो त्यांनी. मी विचारलं, सात वाजून गेले, आज काय झालं? म्हणाले, घड्याळ बघायचं राहिलं." अक्का रडल्या नाहीत. त्या रडणाऱ्यांपैकी नाहीत. पण माझ्या टेबलावरची टाचणी त्यांनी उचलली आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना बराच वेळ सुचले नाही.

त्या दिवशी मी त्यांना तळ्याकाठच्या कागदाविषयी सर्व सांगितले. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ह्यांना तेवढं कळू देऊ नका, बाकी सगळ्यांना कळलं तरी चालेल. पण लिहा."

तरी, समस्त मराठी वाचकांस नम्र विनंती करण्यात येते की, आपणांपैकी कोणाचा मुलगा, भाचा, जावई अथवा वरच्या मजल्यावरचा शेजारी नोकरी सोडून चित्रपट काढीत असल्यास (बेंगळूरुत असा एक प्रत्येकाच्या ओळखीत असतो), त्यास हा मजकूर समजावून सांगावा. चित्रपट मोठा असण्याची अट नाही. माणसे साठ नसून सहा असली तरी चालतील. त्यांना वेळेवर नाश्ता मिळेल, याची हमी मी देतो. परवानगीचे अर्ज मी विनामूल्य लिहून देईन आणि कोणता कागद खिशात ठेवायचा, ते आता मला कळते. होकार असो वा नकार, उत्तर लेखी, माझ्या नावे, येलहंक्याच्या करंजाखाली पाठवावे. साडूंना परस्पर बोलावणे आले तर उत्तमच. मात्र त्यामागे हा अर्ज आहे, हे त्यांना कळू देऊ नये. ते मराठी बोलतात, वाचू शकत नाहीत. जन्मभर कन्नडात अर्ज लिहिणाऱ्या मी हा एकच अर्ज मराठीत लिहिला, त्याचे कारण तेवढेच आहे. कृपया कोणी तो त्यांना वाचून दाखवू नये.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
अर्जदार व साक्षीदार क्रमांक तीन